शांपेन, घोंगडी आणि माणदेश

या लेखाचा मथळा पाहून आमच्या कित्येक वाचकांच्या भुवया वर चढतील. शांपेन म्हणजे फ्रान्स देशांतील फेसाळ द्राक्षमद्य. साहेब लोकांच्या मेजवानींत, किंवा नवें जहाज पाण्यांत लोटतांना त्याच्या नाळेवर फोडावयाच्या बाटलींत तें पाहावयाचें. घोंगडी म्हणजे धनगराच्या खांद्यावरची. आणि माणदेश म्हणजे सातारा, सांगली व सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावर माणगंगेच्या दोहों तीरांस पसरलेला, पावसानें बहुधा पाठ फिरविलेला मुलूख. या तिहींची मोट बांधणें म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणें होय, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु शांपेनचा इतिहास आम्ही जों जों पाहूं लागलों, तों तों या तिघांचें नातें आम्हांस उघड दिसूं लागलें. आणि त्या नात्यांतून आमच्या इकडील द्राक्षमद्याच्या आजच्या स्थितीवर जो प्रकाश पडतो, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा प्रयत्न केला आहे.

शांपेन हें मुळांत मद्याचें नांव नव्हे, प्रांताचें आहे. हा प्रांत पॅरिसच्या पूर्वेस असून त्याच्या पोटांत खडूचे प्रचंड थर आहेत. वर मातीचा थर पातळ, पाणी पडलें कीं खालीं मुरून जावयाचें, म्हणून धान्य फारसें पिकत नसे. या मैदानाच्या मोठ्या भागास फ्रेंच लोक स्वतःच ‘शांपान पुय्यूझ’, म्हणजे शब्दशः ‘उवांनीं भरलेली, भिकारडी शांपेन’ असें हिणवीत. तेथें चरत मेंढ्या. द्राक्षमळे होते ते या मैदानाच्या कडेच्या उतारांवर. बाराव्या-तेराव्या शतकांत या प्रांताचें जें नांव युरोपभर झालें, तें मद्यामुळें नव्हे, तर त्र्वा, प्रोव्हँ इत्यादि गांवीं भरणाऱ्या जत्रांमुळें. आणि त्या जत्रांत मुख्य माल होता लोकरीचें कापड. फ्लांडर्सचे विणकर तें आणीत व इटलीचे व्यापारी नेत. पुढें जत्रा मोडल्या, तरी रँस शहराचा लोकरीचा धंदा टिकून राहिला.

आतां म्हसवडाकडे पाहूं. म्हसवड म्हटलें कीं इतिहासभक्तांस नागोजी माने आठवतात व त्यांच्या नांवाबरोबर सेनापति संताजी घोरपडे यांचा इ. स. १६९७ मधील दुर्दैवी अंत आठवतो. भाविकांस सिद्धनाथ-जोगेश्वरीचें देऊळ व मार्गशीर्षांतील रथयात्रा आठवते. पण ज्या गोष्टीवर या गांवचें पोट पुष्कळ काळ चाललें, ती गोष्ट म्हणजे मेंढी. महादेवाच्या डोंगराच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत पडलेल्या या माळरानावर बाजरी, हुलगा, मटकी यांपलीकडे पिकाची हमी नसे. लोकर धनगरांनीं कातरावी, सूत त्यांच्या घरच्या बायकांनीं कांतावें, सणगरांनीं मागावर विणावें आणि चिंचोक्यांची खळ देऊन घोंगडी कडक करावी, असा हा धंदा. जमीन रोडकी, पाऊस किंवा पाणी बेभरंवशाचें, मेंढरें, लोकरीचें विणकाम आणि जत्रा. रँसच्या आसपासचा मुलूख व म्हसवडच्या आसपासचा मुलूख यांच्या कुंडलींतील निदान पांच ग्रह सारखे आहेत.

मग एका ठिकाणीं जगप्रसिद्ध मद्य निघालें व दुसऱ्या ठिकाणीं घोंगडी घोंगडीच राहिली, असें कां? हवामानाचा भेद आहेच. आणि सीन व मार्न या नद्यांवरून होड्यांनीं थेट पॅरिसच्या धक्क्यापर्यंत माल नेतां येई, हाही लाभ लहान नव्हे. माणगंगेवरून वर्षांतील आठ महिने होडी काय, कागदाची नाव जावयाची नाहीं! तथापि आमच्या मतें खरी मेख दुसरीकडे आहे. शांपेनच्या आद्य पेढ्या ज्यांनीं घातल्या, त्यांतील अनेकजण मूळचे कापडवाले होते. इ. स. १७२८ मध्यें पंधराव्या लुईनें मद्य पिंपांऐवजीं बाटल्यांतून पाठविण्याची परवानगी दिली. त्यापूर्वीं पिंपांतून जातांना फेस विरून जाई. दुसऱ्याच वर्षीं, १७२९ मध्यें, निकोला र्युइनार नामक कापडाच्या व्यापाऱ्यानें पेढी काढली. आरंभीं तो आपल्या कापडाच्या गिऱ्हाइकांस हें मद्य भेटीदाखल देत असे. लवकरच गिऱ्हाइकें कापडाऐवजीं भेटच मागूं लागलीं. १७७२ मध्यें पेढी घालणारा फिलिप क्लिको हाही कापडाचा व्यापारी व सराफ. पॉमेरी घराणें लोकरीचें. सारांश, या लोकांपाशीं द्राक्षांपूर्वीं युरोपभर अडते होते, उधारी-वसुलीची रीत होती, आणि कोणत्या गांवच्या श्रीमंतास काय आवडतें याची नोंदवही होती. म्हसवडच्या सणगरापाशीं आठवड्याचा बाजार होता आणि सावकार होता.

फेसाची उत्पत्ति मोठी मनोरंजक आहे, पण ती थोडक्यांतच सांगतों. थंड मुलखांत द्राक्षरसाचें आंबणें हिवाळ्यांत मध्येंच थांबतें व वसंतांत पुन्हा सुरू होतें. तोंपर्यंत रस बाटलींत बंद झालेला असला, तर निर्माण होणारा वायु कोठें जाणार? तो रसांतच मुरतो. डॉम पेरिन्याँ नांवाच्या मठवासी साधूनें शांपेन शोधून काढली, अशी एक गोड दंतकथा आहे. वस्तुतः इ. स. १६६८ पासून ओव्हिलेच्या मठाचें तळघर सांभाळणारा हा गृहस्थ फेस हा दोष समजे व तो टाळण्याच्या खटपटींत असे. उलट त्याच्या आधीं, १६६२ मध्यें, क्रिस्टोफर मेरेट या इंग्रजानें लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत मद्यांत साखर घालून तें फेसाळ करण्याची रीत नमूद आहे. बाटलीच्या आंत सुमारें सहा वातावरणांइतका दाब असतो. तो सोसणारी जाड कांच प्रथम कोळशाच्या भट्टींतून इंग्रजांनींच काढली. पुढें १८१६ च्या सुमारास विधवा क्लिकोबाईच्या तळघरांत बाटल्या उलट्या टेकवून, रोज थोड्या थोड्या फिरवून, आंतील गाळ बुचाशीं आणण्याची युक्ति निघाली आणि गढूळ मद्य स्फटिकासारखें झालें. गाळ काढतांना बाटलींत जी तूट येते, ती साखर कालविलेल्या मद्यानें भरून काढीत. ही साखर किती घालावयाची, या एका प्रश्नाभोंवतीं आमचा पुढील सर्व विषय फिरतो.

आज शांपेन म्हटली कीं जी ‘ब्रूत’, म्हणजे कोरडी, साखर बेताची असलेली शांपेन डोळ्यांपुढें येते, तींत लिटरमागें साखर १२ ग्रॅमांहून कमी असते. पण दीडदोनशें वर्षांपूर्वींची शांपेन अशी नव्हती. रशियाच्या सरदारांस जी रवाना होई, तींत लिटरमागें २०० ग्रॅमांहूनही अधिक साखर असे. म्हणजे ती जवळजवळ आपल्या गुलाबाच्या सरबताच्या जातीची. ती जेवणाच्या अखेरीस, मिठाईबरोबर घेत. लग्नाच्या केकबरोबर शांपेन देण्याची साहेबी रीत या गोड काळाला शोभणारी आहे. आजची कोरडी शांपेन गोड केकवर घेतली तर आंबट लागते, तरी रीत चालूच आहे. रूढि ही आपल्याच लोकांस अडवून धरते असें नाहीं.

हा पालट घडविला इंग्रजांच्या जेवणानें. जेवणानंतरच्या गोड मद्याची जागा त्यांच्याकडे पोर्टनें आधींच अडविलेली होती. तेव्हां शांपेनला इंग्रजी मेजावर शिरावयाचें तर मासे, मांस, खारे पदार्थ यांच्या पंक्तीस बसणें भाग होतें, आणि तेथें साखर म्हणजे अडचण. १८४६ च्या पिकाची, साखर न घातलेली शांपेन पेरिए-झूए या पेढीनें लंडनच्या एका व्यापाऱ्याच्या आग्रहावरून पाठविली. ती प्रथम कोणास रुचली नाहीं. पण वारा बदलत होता. नवऱ्याच्या मागें पेढी सांभाळणाऱ्या पॉमेरीबाईंनीं १८७४ च्या पिकाची कोरडी शांपेन काढली, तिचा इंग्लंडांत जयजयकार झाला, आणि पुढील पिढींत कोरडी हीच शांपेनची रूढ जात होऊन बसली. साखर काढली कीं द्राक्षाचे दोष झांकण्यास पांघरूण राहत नाहीं, म्हणून द्राक्षें अधिक पिकूं द्यावीं लागलीं व मद्य अधिक काळ मुरूं द्यावें लागलें. सांगण्याचें तात्पर्य असें कीं, आज जिला आपण उत्तम समजतों ती चव केवळ तळघरांत जन्मली नाहीं. ती ताटाशीं जन्मली. कोणत्या घांसाबरोबर हा घोंट घ्यावयाचा, हा प्रश्न परक्या देशच्या गिऱ्हाइकानें विचारला व व्यापाऱ्यानें तो निमूटपणें ऐकला.

आमच्या इकडे हा प्रश्न कोणी विचारला काय? द्राक्षमद्य महाराष्ट्रास अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. सातवाहनांच्या काळीं रोमन जहाजांतून भडोचच्या बंदरांत इटलीचें मद्य उतरे, असें ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथांत लिहिलेलें आहे. आणि तें ज्या दुमुठी रांजणांतून येई, त्यांचीं खापरें तेर, नेवासें यांसारख्या ठिकाणच्या उत्खननांत निघालीं आहेत. परंतु तो धागा तुटला तो तुटलाच. इंग्रजी अमदानींत शांपेन आली, ती छावण्यांत, क्लबांत आणि संस्थानिकांच्या दरबारी खान्यांत. सुशिक्षित मध्यम वर्गाचें म्हणाल, तर १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें रानडे, टिळक प्रभृति मंडळींपुढें चहाबिस्किटें आलीं, एवढ्यावरून केवढें ग्रामण्य माजलें व प्रायश्चित्तापर्यंत पाळी कशी आली, हें प्रसिद्धच आहे. जेथें चहाची ही कथा, तेथें शांपेनचें नांव कोण काढतो? १९०८ सालीं टिळकांच्या पुढारपणाखालीं पुण्यांत दारूच्या दुकानांपुढें स्वयंसेवक उभे राहिले. १९१९ मध्यें ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें. १९४९ मध्यें मुंबई इलाख्याचा दारूबंदीचा कायदा झाला, व त्याची चौकट महाराष्ट्रांत अजून कायम असून मद्य घेणाऱ्यास आजही कागदोपत्रीं परवाना लागतो. ही परंपरा हंसण्यावारीं नेण्यासारखी नाहीं. ज्या घरांत पगाराच्या दिवशीं गुत्त्याची वाट धरली जाते, त्या घराचें दुःख तिच्या मागें आहे.

पण याचा एक परिणाम असा झाला कीं, आमच्या इकडे पिणें व जेवणें यांची कायमची फारकत झाली. पिणारा लपून, घाईनें, बहुधा उपाशी पोटीं प्याला आणि न पिणारा त्याच्या वाऱ्यासही उभा राहिला नाहीं. द्राक्षाच्या मद्याची ओळख सुशिक्षित मराठी माणसास झाली ती तोंडानें नव्हे, कानांनीं. माधव जूलियन यांनीं उमर खय्यामच्या रुबाया मराठींत आणल्या आणि ‘द्राक्षकन्या’ घरोघर वाचली गेली. पेला मात्र पुस्तकांतच राहिला.

आणि योगायोग पाहा, महाराष्ट्रांत फ्रेंच पद्धतीचें पहिलें नांवाजलेलें फेसाळ मद्य निघालें, तें परदेशांत याच ओमर खय्यामच्या नांवानें विकलें गेलें! १९८० नंतरच्या दशकांत शामराव चौगुले या उद्योजकांनीं पुणें जिल्ह्यांत नारायणगांव येथें ‘शांपेन इंडाज’ हा कारखाना काढला. रँसच्या पिपर-हाइडसीक या पेढीचें तांत्रिक साह्य घेतलें, फ्रेंच मद्यतज्ज्ञ आणविला, आणि बाटलींतच दुसऱ्यांदां आंबविण्याची खरी रीत सह्याद्रीच्या पायथ्याशीं चालू केली. विलायतेंतील जाणत्यांनीं या मद्याची वाखाणणी केली. देशांत तेंच ‘मार्कीज द पाँपादूर’ या नांवानें मिळे. फ्रेंच राजाची एक प्रेयसी आणि एक इराणी कवि, यांपैकीं कोणाचाही शिवनेरीच्या परिसराशीं कांहीं संबंध नाहीं! नांवावरूनच दिसतें कीं मालकाच्या नजरेपुढें ताट होतें तें लंडनचें किंवा पंचतारांकित उपाहारगृहाचें, जुन्नर-नारायणगांवचें नव्हतें. या कारखान्यानें पुढें मोठा पसारा मांडला, परदेशांतील मद्यशाळा विकत घेतल्या, आणि २००८ च्या जागतिक मंदीच्या सुमारास तो कर्जांत रुतला. शेवटीं गोष्ट न्यायालयांत जाऊन कंपनी मोडीत निघाली. त्याच सुमारास मद्याचीं द्राक्षें लावून बसलेल्या नाशिक-पुणें भागांतील पुष्कळ शेतकऱ्यांवर उभ्या वेली उपटण्याची पाळी आली. खावयाचें द्राक्ष न खपलें तर त्याचा बेदाणा होतो. मद्याच्या द्राक्षाला कारखान्याचें दार बंद झालें कीं दुसरें दार नाहीं. व्यापारांतील धाडसाची किंमत ती अशी तिसऱ्यानेंच मोजली. एकट्या कारखानदारास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे, पण ज्या मालास घरचें ताट नाहीं तो बाहेरच्या वाऱ्याबरोबर पडावयाचाच, ही गोष्टही विसरतां येत नाहीं.

नाशिककडे धंदा पुन्हा सांवरला. २००० पासून सुला मद्यशाळेचा माल बाजारांत आला, २००१ मध्यें सरकारनें द्राक्षमद्याचें धोरण जाहीर केलें, आणि २०१३ मध्यें मोएत-हेनेसी या फ्रेंच घराण्यानें शांदों या नांवाचें फेसाळ मद्य दिंडोरीच्या बाजूस काढण्यास आरंभ केला. हें वृत्त पुष्कळांस ठाऊक असेल. पण म्हसवडच्या दारापर्यंत हा उद्योग येऊन पोंचला आहे, हें सातारकरांपैकीं तरी कितीकांस ठाऊक आहे? म्हसवडच्या पूर्वेस माळशिरस तालुका लागतो. याच तालुक्यांत अकलूज. २००७ च्या सुमारास अकलूजचे मोहिते-पाटील बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि इटलीचे सेक्की बंधु यांनीं मिळून येथें ‘फ्रातेल्ली’ ही मद्यशाळा घातली. इटालियन भाषेंत ‘फ्रातेल्ली’ म्हणजे भाऊ. तीन घरच्या भावांच्या जोड्यांनीं काढलेल्या कारखान्यास याहून समर्पक नांव तें कोणतें? फ्रान्समधून लाखोंनीं रोपें आणवून मोटेवाडी, गारवाड व निमगांव येथें मळे लावले. शनँ ब्लां या फ्रेंच जातीच्या द्राक्षांपासून येथें कोरडें फेसाळ मद्यही होतें. ‘शांपेन’ हें नांव त्यास लावतां येत नाहीं, कारण तें नांव आतां त्या एका प्रांताच्या मालकीचें आहे. पण बाटलींतली रीत तीच.

शांपेन प्रांतांत द्राक्ष पिकत नाहीं ही रड. येथें तें फार लवकर पिकतें ही रड. उन्हाची तिरीप वाढली कीं द्राक्षांतील आम्लता झपाट्यानें उतरते, आणि आम्लतेवांचून फेसाळ मद्य म्हणजे मिठावांचून वरण. म्हणून एप्रिलांत खरड छाटणी, पावसाळा सरतां फळाची छाटणी आणि रात्रीं गार असतात तोंवर, साखर पुरती भरण्यापूर्वींच, तोडणी, असें वेळापत्रक आपल्या पठारावर बसलें आहे. पाण्याचा प्रश्न मात्र हवेनें सुटत नाहीं. इंग्रजी अमदानींत राजेवाडीचा मोठा तलाव झाला, आतां टेंभू, जिहे-कठापूर यांसारख्या उपसा योजनांनीं कृष्णेचें पाणी दुष्काळी भागाकडे चढविलें जात आहे. तें उसास द्यावें, डाळिंबास द्यावें कीं द्राक्षास, हा वाद पुढें वाढणारच. ठिबकावर वाढणारी वेल उसाहून पुष्कळ कमी पाणी पिते, एवढें तरी त्या वादांत लक्षांत असावें.

सरकारनेंही या मद्यास दुकान देऊं पाहिलें. २०२२ च्या जानेवारींत मोठ्या किराणा दुकानांत द्राक्षमद्य ठेवूं देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें घेतला, आणि अण्णा हजाऱ्यांपासून अनेकांनीं विरोध करतांच तो तसाच अडकून राहिला. दोन्ही बाजूंचें बोलणें आम्हीं त्या वेळीं वाचलें. एक बाजू शेतकऱ्याचें उत्पन्न सांगे, दुसरी संसाराची धूळधाण. ताटाचें नांव कोणींच काढलें नाहीं.

तें आपण येथें काढूं. कोरड्या फेसाळ मद्याचा गुण असा कीं, त्यांतील आम्लता तेलतुपाचा ओशटपणा तोडते, बुडबुडे जीभ धुऊन काढतात आणि मिठाशीं त्याचें विशेष सख्य आहे. म्हणून फ्रेंच लोक तें कच्च्या कालवांबरोबर घेतात, आणि खारवलेले तळीव पदार्थ हे तर त्याचे सख्खे सोबती. आतां आमच्याकडे पिणारा मंडळी जमवून जो चखणा मांडतो, तो पाहा: खारे शेंगदाणे, कांदाभजीं, तळलेला पापड, चकली. कोणा फ्रेंच आचाऱ्यास विचारून मांडला असता तर याहून फारसा वेगळा झाला नसता! कोथिंबिरीची वडी, साबुदाण्याचा वडा, कोंकणांतील रव्यांत घोळून तळलेला बोंबील, हे सारे त्याच जातीचे. कोल्हापुरी पांढरा रस्साही, खसखस-नारळाच्या सौम्यपणामुळें, चालून जाईल असें आम्हांस वाटतें.

खुद्द माणदेशचें ताट मात्र हट्टी आहे. बाजरीची भाकरी व शेंगदाण्याची चटणी येथपर्यंत ठीक. हुलग्याचें माडगें सौम्य खरें, पण त्याची मातकट चव नाजूक मद्यास झांकून टाकील. हिरव्या मिरचीच्या ठेच्यापुढें तर शरणागतीच. तिखटावर फेसाळ मद्य घेतलें कीं वायूच्या टोंचणीनें व मद्यार्कानें जाळ दुप्पट होतो. तेथें ताकच राजा. जत्रेच्या मटणाच्या लाल कालवणाचेंही तेंच. आणि पुरणपोळी? गोड पदार्थापेक्षां मद्य कमी गोड असूं नये, हा त्या शास्त्रांतला पहिला नियम; तेव्हां पुरणावर कोरडें मद्य म्हणजे दोहोंचीही विटंबना. रशियाच्या सरदारांची ती जुनी, साखरेनें ओथंबलेली शांपेन असती तर एक वेळ जमलें असतें. पण सिद्धनाथाच्या नैवेद्याच्या ताटाशेजारीं बाटली ठेवूं म्हणणारा कोणी निघालाच, तर ती उचलून बाजूस ठेवण्यास आम्हीच पहिले उठूं. तिची जागा दुसऱ्या एखाद्या संध्याकाळीं, गरम भज्यांच्या ताटलीपाशीं.